आर्चबिशपांनी बोलावे, मतांचा सौदा करू नये

मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या महाधर्मप्रांतातील धर्मगुरूंना एक पत्र लिहिले. देशातील राजकीय वातावरण अस्वस्थ आहे, घटनेतील लोकशाही तत्त्वांना आणि धर्मनिरपेक्षतेला धोका दिसतो, पुढच्या वर्षी नवे सरकार यायचे आहे, तेव्हा सर्वांनी प्रार्थना करावी आणि शुक्रवारी उपवास करावा, असा त्याचा आशय होता. पत्रात कोणत्याही पक्षाचे नाव नव्हते, तरीही हा व्हॅटिकनचा हस्तक्षेप असल्याचा आरोप झाला आणि धर्मगुरूंनी चर्चच्या आवारातच राहावे असे सुनावण्यात आले. पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, केरळातील तेल्लिचेरीचे आर्चबिशप जोसेफ पाम्प्लानी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात म्हणाले की केंद्राने रबराला किलोमागे ३०० रुपये भाव द्यावा, मग केरळातून भाजपचा खासदार नसल्याची उणीव आम्ही दूर करू. या वेळी बाजू उलटल्या. २०१८ मध्ये ज्यांना धर्मगुरूचे बोलणे घटनाबाह्य वाटले होते त्यांना हे बोलणे शेतकऱ्यांच्या व्यथेचा उद्गार वाटले. आणि ज्यांनी कुटो यांच्या पत्रात सद्सद्विवेकाचा आवाज ऐकला होता त्यांना आता चर्चने राजकारणापासून दूर राहण्याची गरज पटली.

दोन्ही वेळा प्रश्न एकच विचारला गेला, धर्मगुरूने राजकारणात पडावे का. आणि दोन्ही वेळा उत्तर बोलणे कोणाच्या सोयीचे आहे यावरून ठरले. हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे, असे माझे मत आहे. आर्चबिशपांना सामाजिक न्यायाविषयी आणि राज्यकारभाराच्या नीतीविषयी बोलण्याचा अधिकार आहे. काही प्रसंगी न बोलणे हा त्यांच्या पदाचा अवमान ठरतो. पण त्यांच्या बोलण्यातील मजकूर त्यांच्या धर्मावर श्रद्धा नसलेल्या माणसालाही पडताळून पाहता आला पाहिजे, आणि त्या बोलण्याच्या मोबदल्यात मते देऊ करता कामा नयेत. या कसोटीवर कुटो यांचे पत्र निर्दोष पण दुबळे ठरते आणि पाम्प्लानी यांचे भाषण गैर ठरते, मग त्या दिवशी मेळाव्यात बसलेल्या रबर उत्पादकांचे हाल कितीही खरे असोत.

कायदाही रेषा साधारण याच ठिकाणी ओढतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार मानते. अमुक उमेदवाराला मत दिले नाही तर ईश्वरी कोप होईल अशी भीती घालणेही त्याच कलमात येते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला आणि मतदाराच्या धर्माला केलेले आवाहनही त्यात धरले. सरकार गरिबांशी कसे वागते, तुरुंगात कोण खितपत पडले आहे, जमीन कोणाची गेली, याविषयी धर्मगुरूने बोलू नये असे मात्र या कलमात कुठेही म्हटलेले नाही. गंमत अशी की चर्चचा स्वतःचा कायदाही याच दिशेने जातो. १९८३ च्या चर्चसंहितेनुसार धर्मगुरूला शासनाची सत्ता वापरावी लागेल असे सार्वजनिक पद स्वीकारता येत नाही आणि राजकीय पक्षात सक्रिय भागही घेता येत नाही. या दुसऱ्या नियमात चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी अपवादाची एक पळवाटही ठेवलेली आहे, हे ओघाने सांगायला हवे. पळवाटा फक्त सरकारी कायद्यांतच असतात असे नाही.

चर्चने शाळा आणि दवाखाने चालवावेत, बाकीच्यात पडू नये, असा सल्ला अनेक सज्जन माणसे मनापासून देतात. आपल्या भागाला ही भाषा ओळखीची आहे. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयाने कोल्हापूर, सांगलीपासून कर्नाटकापर्यंतच्या किती पिढ्यांवर उपचार केले असतील! ते मिशन प्रॉटेस्टंट होते, पण मुद्दा तोच आहे. जखमेवर मलमपट्टी करणारा मिशनरी सर्वांना हवा असतो. तीच जखम पुन्हा पुन्हा त्याच वस्तीतल्या माणसांना का होते, असे त्याने विचारले की त्याच्या हेतूंची तपासणी सुरू होते. कॅथलिक चर्चची शिकवण मात्र ही वाटणी मानत नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढून कामगाराला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट म्हटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले की चर्च कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, पण माणसाच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल तेव्हा राजकीय बाबींवरही नैतिक मत देण्याचा अधिकार त्याला आहे. म्हणजे आर्चबिशपांना गप्प बसा म्हणणारा माणूस त्यांना धर्मापुरते राहायला सांगत नसतो, तर त्यांच्या धर्मातला अर्धा भाग सोडून द्यायला सांगत असतो.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे पाहू. आर्चबिशप हे सामान्य नागरिक नव्हेत. त्यांना कोणी निवडून देत नाही, त्यांची नेमणूक रोमहून होते, आणि मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेत, प्रवचन ऐकणारा माणूस मध्येच उठून प्रतिप्रश्न करत नाही. अशा माणसाच्या शब्दाला जे वजन असते ते युक्तिवादाचे नसून पदाचे असते. त्या वजनाचा दुरुपयोग झाल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. १९५९ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध जे आंदोलन पेटले त्यात नायर संघटनेच्या बरोबरीने कॅथलिक चर्च उतरले होते, आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. रवांडाची गोष्ट याहून भीषण आहे. किगालीचे आर्चबिशप व्हिन्सेंट न्सेंगियुम्वा अनेक वर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सभासद होते. १९९४ मध्ये तुत्सी जमातीचे शिरकाण सुरू झाले, आश्रयाला आलेली माणसे चर्चमध्येच मारली गेली, तेव्हा सरकारला खडसावण्याइतके अंतर त्या धर्मपीठाने आपल्यात आणि सत्तेत ठेवलेलेच नव्हते.

ही उदाहरणे मला नाकारायची नाहीत. पण ती नेमके काय सिद्ध करतात? रवांडातील आर्चबिशप सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे अनर्थ झाला नाही. ते सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसले होते, म्हणून त्यांच्या तोंडून शब्द निघू शकला नाही. त्यातून धर्मगुरूने पक्षात जाऊ नये एवढे सिद्ध होते, बोलू नये असे नव्हे. केरळचे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण तिथे चर्च खरोखरच सरकारविरुद्ध बोलत होते आणि माझ्या मते चुकत होते. त्या सरकारच्या शिक्षण विधेयकाने खासगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुका आणि पगार यांवर नियंत्रण आणायचे ठरवले होते, आणि त्या शाळांचा मोठा हिस्सा चर्चचा होता. श्रद्धेवरचे संकट म्हणून जे मांडले गेले त्यात व्यवस्थापनाच्या हक्कांचा भाग बराच होता. जिथे चर्चची मालमत्ता, चर्चच्या संस्था किंवा चर्चचे अनुदान पणाला लागलेले असते तिथे आर्चबिशपांचे म्हणणे एका हितसंबंधीयाचे म्हणणे म्हणून ऐकावे, कमी नाही पण जास्तही नाही. इतरांच्या दुःखाविषयी, स्वतःचे काही गमावण्याची तयारी ठेवून, ते बोलतात तेव्हाच त्या पदाला नैतिक वजन येते.

असे वजन कसे येते हे पाहायचे तर एल साल्वाडोरचे ऑस्कर रोमेरो यांच्याकडे जावे लागते. त्यांचे नाव सगळेच घेतात, पण त्यांनी नेमके काय केले हे फार कमी जण सांगतात. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते सान साल्वाडोरचे आर्चबिशप झाले तेव्हा तिथल्या कॉफीच्या मळेवाल्यांना समाधान वाटले होते, कारण पुस्तकांत रमणारा, परंपरावादी, निरुपद्रवी माणूस अशी त्यांची ख्याती होती. १२ मार्चला त्यांचे स्नेही, शेतमजुरांमध्ये काम करणारे येशूसंघी (जेझुइट) फादर रुतिलिओ ग्रांदे, एक वृद्ध आणि एक मुलगा यांच्यासह गोळ्या घालून मारले गेले. रोमेरो यांनी पुढच्या रविवारी साऱ्या महाधर्मप्रांतात इतरत्र कुठेही मिस्सा न करता कथीड्रलमध्ये एकच मिस्सा अर्पण केला, आणि खुनांचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही असे जाहीर करून ते शब्दाला जागले. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही गेले नाहीत. आपल्याकडे धर्मपीठावरचा माणूस आणि मंत्री एकाच व्यासपीठावर एकमेकांना शाल घालतानाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या नकाराचे मोल वेगळे सांगायला नको.

पण निषेध आणि बहिष्कार कोणीही करू शकतो. रोमेरो यांचे खरे काम रुक्ष होते. महाधर्मप्रांताच्या विधी साहाय्य कार्यालयात माणसे येत, आपला मुलगा कधी उचलला गेला, कोणत्या गावातून, कोणी पाहिले, हे सांगत. त्याच्या नोंदी होत. रविवारच्या प्रवचनात धर्मग्रंथाचे विवेचन झाले की रोमेरो त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची माहिती नावानिशी वाचत. गनिमी गटांनी केलेल्या हत्याही ते वगळत नसत. चर्चच्या रेडिओवरून हे प्रवचन देशभर ऐकले जाई, म्हणून त्या केंद्रावर बॉम्ब टाकले गेले. हा सर्व व्यवहार पाहता मला वाटते, आर्चबिशपांचे सामर्थ्य त्यांच्या पवित्रतेत जितके नसते तितके त्यांच्या पोहोचण्यात असते. गावोगावी धर्मग्राम (पॅरिश), प्रत्येक ठिकाणी एक धर्मगुरू आणि दोन सिस्टर. ज्या वस्तीत तलाठी महिन्यातून एकदा जातो तिथे हे लोक रोज असतात. तिथून आलेली माहिती नाव, गाव, तारखेसह मांडली की नास्तिकालाही ती तपासता येते आणि सरकारला खोडून काढायची तर पुराव्याने काढावी लागते. फेब्रुवारी १९८० मध्ये रोमेरो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत थांबवण्याची विनंती केली, २३ मार्चला सैनिकांना देवाच्या नावाने हे दमन थांबवा असे सांगितले आणि २४ मार्चला रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात मिस्सा अर्पण करत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या देशातील बहुतेक बिशप त्यांच्या बाजूने नव्हते आणि रोमने त्यांना संत घोषित करायला २०१८ साल उजाडले, हेही त्यांच्याविषयी भारावून बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. चर्च बोलले असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा एकच माणूस बोललेला असतो आणि चर्च त्याच्याकडे संशयाने पाहत असते.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आर्चबिशपांना ही मुभा दिली की ती महंतांना, मौलवींना, मठाधिपतींनाही द्यावी लागेल, आणि मग ज्यांचा समाज मोठा त्यांचाच आवाज मोठा ठरेल. भीती खरी आहे. पण ही मुभा कोणी द्यायची राहिलेली आहे का? २०१७ पासून उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री गोरखनाथ मठाचे महंत आहेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ अखेर जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली गेली, तेव्हा मठाचे प्रमुख, म्हणजे भट्टारक, लोकांच्या पुढे होते, हजारो माणसे कोल्हापूरपर्यंत चालत आली, आणि सर्व पक्षांच्या नेत्यांना त्या मागणीमागे उभे राहावे लागले. न्यायालय बरोबर होते की आंदोलक, तो वाद वेगळा. पण भट्टारकांनी धर्मापुरते राहावे असा सूर त्या आठवड्यांत इथे उमटल्याचे मला आठवत नाही. उमटायला हवा होता असेही माझे म्हणणे नाही. सर्वांनी गप्प बसावे हा नियम फक्त अल्पसंख्याकांच्या धर्मगुरूंना लागू होणार असेल, तर त्याला नियम न म्हणता इशारा म्हणावे. त्यापेक्षा तपासता येईल असे बोला आणि मते विकू नका, ही कसोटी सर्व पीठांना सारखीच लावणे अधिक न्याय्य आहे.

कोल्हापुरात या चर्चेत शाहू महाराजांचे नाव निघतेच, आणि बहुधा चुकीच्या बाजूने निघते. महाराजांनी वेदोक्त प्रकरणात धर्मसत्तेला वठणीवर आणले, म्हणून धर्मपीठांना सार्वजनिक जीवनात जागा नाही, असा निष्कर्ष काढला जातो. घडले ते असे की त्यांनी राजोपाध्यांची वतने जप्त केली, २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाशी जोडून क्षात्र जगद्गुरूंचे पीठ स्वतःच स्थापन केले. धर्मपीठ नकोच असे त्यांनी म्हटले नाही. ते कोणाच्या बाजूने उभे राहते, हा त्यांचा सवाल होता. अर्थात राजाने नेमलेले पीठ राजालाच जाब कसा विचारणार, हा प्रश्न शाहूप्रेमींनीही टाळू नये. आणि इथेच रोमहून होणाऱ्या नेमणुकीचा आक्षेप उलटतो. ज्याची नेमणूक, बदली आणि बढती मुंबई-दिल्लीच्या हातात नाही, असा माणूस मुंबई-दिल्लीला चार खडे बोल सुनावू शकतो. चीनने बिशपांच्या नेमणुकीत आपला हात असावा यासाठी इतकी वर्षे हट्ट धरला आणि २०१८ मध्ये व्हॅटिकनशी तसा करार पदरात पाडून घेतला, तो काही उपासनेच्या आवडीपोटी नव्हे.

त्याच १९२० सालच्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या अस्पृश्य समाजाला सांगितले की तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढला आहे, आणि बाबासाहेबांकडे बोट दाखवले. महाराज स्वतः त्या समाजाच्या वतीने बोलत राहिले असते तरी कोणी त्यांना अडवले नसते. गरिबांसाठी बोलणाऱ्या प्रत्येक आर्चबिशपाला हा प्रसंग सांगावासा वाटतो, कारण दुसऱ्याच्या वतीने बोलता बोलता त्याला कायमचा मुका करून टाकणे फार सोपे असते. ब्राझीलमध्ये साओ पावलोचे आर्चबिशप पावलो एव्हारिस्टो आर्न्स यांनी आपला प्रशस्त वाडा विकून ते पैसे वस्त्यांमधील लोककेंद्रांसाठी वापरले; माणसांना एकत्र बसून स्वतःचे म्हणणे ठरवता यावे म्हणून जागा दिली. मराठीत असेच काम फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. ते आर्चबिशप नव्हते, साधे धर्मगुरू होते, पण वसईची हिरवी जमीन आणि गोडे पाणी बांधकामवाल्यांच्या घशात जाऊ लागले तेव्हा हरित वसई संरक्षण समितीत सर्व धर्मांची माणसे त्यांच्याबरोबर उभी राहिली. तो प्रश्न जमिनीच्या आरक्षणाचा आणि विहिरींच्या पातळीचा होता. त्यासाठी कोणाला बायबल मानावे लागत नव्हते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा काहींना त्यांचा पांढरा झगाच दिसला, ही आपल्या सार्वजनिक चर्चेची इयत्ता.

आपल्याकडच्या आर्चबिशपांची अलीकडची पत्रे या पार्श्वभूमीवर वाचली तर निराशा होते, पण टीकाकारांना झाली त्या कारणाने नव्हे. गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅक्वान यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये, गुजरातची निवडणूक तोंडावर असताना, राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचवण्याचे आवाहन केले आणि निवडणूक यंत्रणेची नोटीस ओढवून घेतली. ती नोटीस मला अन्यायकारक वाटत नाही. मतदानाच्या आधी काही दिवस, एका बाजूचे वर्णन करून, धर्मपीठाच्या शिक्क्यानिशी काढलेले पत्र रेषेच्या पलीकडेच पडते. कुटो यांचे पत्र रेषेच्या आत होते, पण त्यात एकाही तुरुंगाचे, गावाचे, माणसाचे नाव नव्हते. वातावरण अस्वस्थ आहे हे वाक्य कोणत्याही दशकात, कोणत्याही सरकारविषयी लिहिता येते. झारखंडमध्ये दशकानुदशके काढलेल्या येशूसंघी फादर स्टॅन स्वामी यांनी, विनाखटला तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांची पाहणी करून न्यायालयात जनहित याचिका केली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ते स्वतःच दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडले गेले आणि ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो, ते ज्या कच्च्या कैद्यांविषयी बोलत होते ते मोजता येण्याजोगे, भेटता येण्याजोगे लोक होते. महाधर्मप्रांतांच्या पत्रांत ही माणसे का दिसत नाहीत?

एक उत्तर असे की नावे घ्यायला लागले की स्वतःच्या घरातली नावेही घ्यावी लागतात. बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना पाठीशी घातल्याचे उघड झाले आणि डिसेंबर २००२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर त्या शहरात नीतीविषयी बोलणाऱ्या बिशपाकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल? आपल्याकडचे दुखणे जातीचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही, म्हणून हा दर्जा त्यांनाही मिळावा, ही बिशपांची मागणी मला न्याय्य वाटते. पण तिच्या विरोधकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या धर्मात जात नाही, मग सवलत कशाला? २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केले, तो या प्रश्नाला मिळालेला पहिला प्रामाणिक प्रतिसाद होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर आयोग नेमला. अशा आयोगापुढे आर्चबिशपांनी प्रार्थनेचे पत्र घेऊन जाऊ नये. आपल्या महाधर्मप्रांतात दलित धर्मगुरू किती, चर्चच्या नामांकित महाविद्यालयांत दलित ख्रिस्ती विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना किती जागा मिळाल्या, कोणत्या गावात दफनभूमी अजून वेगळी आहे, याचे धर्मग्रामवार तक्ते स्वतःच्या सहीने सादर करावेत, आणि त्यातला जो रकाना चर्चला लाज आणणारा असेल तोही भरावा.